शनिवारची पेज आणि माझा चेहरा

मत्सर हा माझा स्वभाव नाही, असं माझी बायको सोडून कोणीही सांगेल. बायको म्हणते, "स्वभाव नाहीच. मुख्य व्यवसाय आहे. कॉलेजात शिकवतोस तो जोडधंदा."

ग्लायझा आल्यापासून ती हे म्हणायला लागली.

फिलिपिन्समधल्या आमच्या मारिकिना शहरात नदीकाठच्या वस्तीत आमची संस्था दर शनिवारी सकाळी साडेसहाला पेज वाटते. आलं घातलेली, वरून तळलेला लसूण आणि अर्धं उकडलेलं अंडं. एका मोठ्या पुरानंतर हे काम सुरू झालं, त्याला पंधरा वर्षं झाली. संस्थेच्या अध्यक्ष सिस्टर बेनिल्डा. स्वयंसेवकांचा प्रमुख मी, डोल्फो सर.

माझी एक पद्धत होती. नवा माणूस आला की आधी दोन शनिवार माझं व्याख्यान, विषय: सेवाभाव. मग तीन महिने पेले मांडायचे. मग आलं सोलायचं. ओगराळं हातात मिळायचं ते वर्षभरानं, आणि तेही मी आजारी असलो तर. पंधरा वर्षांत मी एकदाही आजारी पडलो नाही.

सुरुवातीला आम्ही चाळीस जण होतो. गेल्या वर्षी सात उरलो. काही देवाघरी गेले, काही दुबईला, आणि काही नातवंडं सांभाळायला कॅनडाला. नवं कोणी येईना. "आजकालच्या लोकांत सेवाभावच राहिला नाही," असं मी सभेत मांडलं आणि ते एकमतानं मान्य झालं. सभेला आम्ही सातच होतो.

मग ग्लायझा आली. वय चौतीस, कॉल सेंटरमध्ये टीमची प्रमुख. रात्रभर अमेरिकेतल्या लोकांच्या शिव्या गोड आवाजात ऐकून घ्यायच्या आणि सकाळी सहाला सुटायचं, अशी नोकरी. माझं व्याख्यान तिनं डोळे उघडे ठेवून झोपेत ऐकलं. शेवटी हात वर केला.

"सर, माझ्या टीमलापण यायचंय. पण कामावरून सुटल्या सुटल्या, आणि एकच तास. चालेल?"

"सेवा अशी तासावर मोजत नसतात, मुली."

"सेवा नसेल मोजत सर, पण झोप मोजावी लागते."

सिस्टर हसल्या. सिस्टर माझ्या विनोदांना पंधरा वर्षांत हसल्या नव्हत्या. मला वाटायचं त्यांच्या पंथात मनाई आहे.

त्यांनी ग्लायझाला महिनाभर करून बघायला सांगितलं. तिनं भिंतीवर एक पुठ्ठा टांगला. डावीकडे कामं आणि वेळा, उजवीकडे कोरी जागा. ज्याला जे जमेल त्यापुढे त्यानं नाव लिहावं, एक तास करावं आणि घरी जाऊन झोपावं. व्याख्यान नाही. पहिल्या शनिवारी अकरा जण आले, दुसऱ्या शनिवारी एकोणीस. गळ्यात ओळखपत्रं, तोंडात जांभया. सेवाभावाची व्याख्या एकालाही येत नव्हती. पेज करपेल म्हणून मी पातेल्याजवळ आशेनं उभा राहिलो. करपली नाही.

हेही मी सोसलं असतं. पण लोला इसिंग. लोला म्हणजे आमच्याकडे आजी.

ही वस्तीतली म्हातारी अकरा वर्षं माझ्या हातून पेज घेत होती. पेला पुढे करायची, मान हलवायची, निघून जायची. तिचं हे मोजकं वागणं मी आदर समजत होतो. तिसऱ्या शनिवारी तीच म्हातारी लांबूनच ओरडली, "ग्लायझा, अगं ए पोरी! काही खाल्लंस का रात्रभर?"

तिचा पेला भरून झाल्यावर मी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, "लोला, माझं नाव ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"आहे की."

"काय?"

"सर."

त्याच दिवशी ग्लायझानं तिला विचारलं, "लोला, पेज कशी झालीय?"

हा प्रश्न आमच्यापैकी कोणी कधी विचारला नव्हता. फुकटच्या पेजेबद्दल कोणाचं मत विचारतात का?

"आलं कमी आहे," लोला इसिंग म्हणाली. "अकरा वर्षं कमीच आहे."

"मग बोलला नाहीत कधी?"

"सर गडबडीत असायचे. त्यांचे फोटो चाललेले असायचे."

पुढच्या शनिवारी मी पोचलो तर पातेल्यामागे लोला इसिंग. हातात ओगराळं. माझं ओगराळं, त्याच्या दांड्यावर माझ्या अंगठ्याचा खळगा पडलेला आहे. शेजारी तीनचाकीवाला बोयेट अंडी कापत होता. हाही पेज घ्यायला येणाऱ्यांतलाच. मी तडक सिस्टरकडे गेलो.

"सिस्टर, ज्यांना वाढायचं तेच वाढायला लागले, तर आपण सेवा करायची कोणाची?"

सिस्टरनी चष्मा काढला. "डोल्फो, हेच वाक्य पुन्हा एकदा मोठ्यानं म्हण बघू."

मी पेले मोजायला गेलो.

पंधराव्या वर्धापनदिनी सिस्टर पुढचा प्रमुख जाहीर करणार होत्या. दिवस जवळ येत होता, आणि माझ्या हाती एकच शस्त्र उरलं होतं: फ्लेक्स. आमच्याकडे गटाराचं झाकण बदललं तरी चेहऱ्यांचा फ्लेक्स लागतो, आणि संस्थेचा फ्लेक्स दरवर्षी मीच करून घेत असे. या वेळी बारा फूट बाय आठ फूट सांगितला. मधोमध मी, हातात ओगराळं. फोटो बारा वर्षांपूर्वीचा, केस असतानाचा. वर कोपऱ्यात सिस्टर. खाली उजव्या टोकाला, शिवणीला लागून ग्लायझा, अर्ध्या अंड्याएवढी.

बायकोनं तो घरी जमिनीवर पसरून पाहिला. "हिला शोधायला सोबत भिंग देणार आहेस का?"

"जागाच उरली नाही."

"तुझं कपाळ थोडं आटोपतं घेतलं असतं तर उरली असती."

वर्धापनदिनी रांग लांबली. साडेसातलाच ऊन डोळ्यांवर यायला लागलं. फ्लेक्स दोन खांबांना बांधून उभा केला होता, आणि मी त्याच्या शेजारी, लोकांना तुलना करता यावी म्हणून. लोला इसिंगनं ओगराळं थांबवलं.

"ए बोयेट, म्हातारी माणसं उन्हात भाजतायत आणि एवढं मोठं कापड नुसतंच उभं काय करतंय? बांध की वर!"

दोन मिनिटांत बोयेट आणि कॉल सेंटरची चार मंडळी खांबांवर चढली. "सावकाश, फाटेल!" एवढंच मला म्हणता आलं. रांगेवर झकास सावली पडली. छापलेली बाजू वर गेली. आता मी फक्त देवाला आणि विमानांना दिसत होतो. फक्त उजवं टोक लांबीला जास्त झालं. ते आडव्या बांधलेल्या बांबूवरून दुमडून खाली लोंबत राहिलं, बरोबर पातेल्यासमोर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

"अय्या, ही तर आपली ग्लायझा!" रांगेतली एक बाई म्हणाली. "किती गोड आलाय फोटो!"

मग प्रत्येकानं तो जवळून पाहिला. जवळूनच पाहावा लागत होता, इतका तो लहान होता. फ्लेक्सची कल्पना कोणाची, हे सिस्टरनी सगळ्यांसमोर विचारलं. माझी, असं सांगितल्यावर टाळ्या पडल्या.

"डोल्फो, मोठ्या मनाचा आहेस," सिस्टर म्हणाल्या, आणि त्याच श्वासात नवी प्रमुख म्हणून ग्लायझाचं नाव घेतलं. त्या टाळ्या जास्त वेळ चालल्या. मी मोजत होतो.

मी निघायच्या बेतात होतो. ग्लायझा पुठ्ठा आणि पेन घेऊन समोर आली. रात्रपाळीनं डोळे लाल झालेले.

"सर, पुढच्या शनिवारी येणार ना?"

"बघतो. कॉलेजात कामं आहेत."

"शनिवारी पहाटे?" ती हसली नाही. "सर, तुम्हाला यातलं काय करायला आवडतं?"

हेही मला पंधरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. मी खरं ते सांगितलं. "प्रमुख व्हायला."

तिनं पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं, अगदी मनापासून. "ते भरलंय, सर. पातेलं घासायचं रिकामं आहे. आठ ते नऊ."

मला घरी जायचं होतं. पण घरी बायको होती, आणि ती निकाल विचारणार होती. मी पेन घेतलं आणि पातेल्यापुढे नाव लिहिलं, तीन ओळी व्यापतील एवढ्या अक्षरात.

तीन शनिवार मी पातेलं घासलं. चौथ्या शनिवारी पावणेसहालाच पोचलो, तर पातेल्यापुढे आधीच बोयेटचं नाव.

"बोयेट, तुला पातेलं घासता येतं का?"

"त्यात काय यायचंय, सर?"

"तळाला बसलेलं निघत नाही असंतसं. दोन शनिवार माझ्याकडे शिकावं लागेल."

"एका तासात शिकवा, सर. नऊला गाडी काढायचीय."

पाऊण तासात शिकला. माझ्यापेक्षा स्वच्छ घासतो. हे मी अजून कोणालाही सांगितलेलं नाही.