डाव्या मुठीचं रबर

"ऱ्हाऊ द्या की नासिरभाई. चालतंय तसंच," सटवाजी म्हणाला.

पण नासिर ऐकणाऱ्यातला नव्हता. त्याने हातातला पाना फडक्याला पुसला आणि सटवाजीला पुन्हा गाडीवर बसायला लावलं. सटवाजी बसला. उजवा हात लांब करून त्याने एक मूठ धरली. डावा मात्र कोपरात दुमडून बरगडीला चिकटवलेला, नेहमीसारखा. त्या हाताला मूठ सापडावी म्हणून हँडलची डावी बाजू पार पोटापाशी वळवलेली होती. मुरुडपासून लातूरपर्यंतच्या रस्त्यावर असं एका अंगाने रुसून बसलेलं हँडल दुसऱ्या कुठल्या मोटरसायकलला नव्हतं.

"पोट सुटलंय तुझं," नासिर म्हणाला. "वाकून बसून राहिलास, मग कंबर धरणार न्हाई तर काय? दोन बोटं वर घेतो आन् जरा पुढं सारतो. च्या येईस्तोर होतंय."

हँडल बसवावं तर नासिरमिस्त्रीनं, असं लातुरात म्हणत. बाकीचे मिस्त्री इंजिनाच्या मागे. नासिर आधी माणूस बघायचा. गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून तो म्हणायचा, डोळे मिटा आणि हात पुढे सोडा. खांदे उचललेले नकोत, मनगट मोडलेलं नको, कोपर जरा सैल हवं. हात ज्या जागी आपोआप थांबतील ती हँडलची जागा. लोक आधी हसायचे आणि घरी जाईपर्यंत पाठ दुखली नाही की दुसऱ्या दिवशी भावाची गाडी घेऊन यायचे.

आजचं काम मात्र फुकटातलं होतं, आणि त्यामागे दुसरं एक काम होतं. सटवाजी उत्तर न्यायला आला होता.

नासिरचं गॅरेज बापापासूनचं, अगदी रस्त्यावर तोंड असलेलं. पूर्वी त्या गल्लीत कुत्रंही दुपारी फिरकत नसे. पुढे क्लास आले. लातूरला शिकलं की पोरगं डॉक्टर होतं अशी हवा झाली आणि नांदेडपासून, भोकर-धर्माबादकडून पोरं वळकट्या घेऊन येऊ लागली. निकाल लागला की भिंतीभिंतीवर पोरांचे फोटो आणि खाली टक्के. इतक्या पोरांना दोन वेळा जेवायला तर लागणारच. सटवाजीच्या डोक्यात खानावळ आली. रस्त्याकडची अर्धी जागा द्या, बायको पंचफुला भाकरी थापेल, मी गल्ल्यावर बसेन, एका हाताच्या माणसाला दुसरं काय जमतंय, असं तो मागच्या महिन्यात म्हणून गेला होता.

पुढची अर्धी जागा दिली तर मागच्या अर्ध्यात गाडी शिरणार कुठून? म्हणजे गॅरेजच बंद. नासिरने गावाबाहेर रिंगरोडला पत्र्याचं शेड टाकायचं आणि नव्याने गिऱ्हाईक जमवायचं, या वयात. नासिरला हे सगळं कळत होतं. तरी तो हो म्हणणार होता. सकाळीच त्याने बायकोला, बेगमबीला, तसं सांगितलं. ती न्याहारीची ताटली सारून म्हणाली की मांगनेवाले को शरम नहीं, देनेवाले को अक्कल नहीं. त्यावर नासिर एवढंच म्हणाला, "उसका हात मेरे सेच गया ना." हे वाक्य आलं की बेगमबीचं काही चालत नसे. भूकंपापासून ते घरात शेवटचंच वाक्य होतं.

भूकंपाच्या सकाळी नासिर दोन जॅक आणि साखळी घेऊन जीपमध्ये चढला होता. ट्रक उचलणारे जॅक, तुळया उचलायला उपयोगी पडतील म्हणून. आणि पडलेही. दगडमातीची घरं जागच्या जागी बसली होती, आणि दुपारपर्यंत गावातल्या लोकांचे आवाजही बसले होते. एका ढिगातून डावा हात तेवढा बाहेर होता. नासिरने हात धरला तर त्या हाताने उलट त्याचा हात धरला. मग नासिरला भान राहिलं नाही. जॅक लावायचा, तुळई उचलायची, मग माणूस काढायचा, हे ज्याला पाठ होतं त्याने सगळं सोडून ओढलं, दोन्ही पाय रोवून. खांद्यातून काहीतरी निखळल्याचा आवाज झाला. माणूस बाहेर आला आणि मागोमाग तुळई खाली बसली. तोच सटवाजी. त्याची आई आतच राहिली.

छावणीतल्या डॉक्टरने खांदा बसवला, पण शीर ताणली गेलीय, हाताचं सांगता येत नाही, म्हणाला. सटवाजी एका शब्दाने टोचून बोलला नाही. "हात गेला तं गेला, जीव तं ऱ्हायला," असं तो ज्याला त्याला सांगायचा. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं नासिरला वाटे.

मग नासिरने जे जे करता येईल ते केलं. स्वतःची मोटरसायकल दिली. हँडलच्या नळीत कोरडी वाळू ठासून, भात्यावर तापवून, सटवाजीच्या वाकड्या हाताच्या मापाने ती वळवली. दर साल मृग निघाला की हा शहरातला मिस्त्री मुरुडच्या पलीकडे सटवाजीच्या रानात जाऊन तिफण धरायचा. पहिल्या वर्षी त्याच्या ओळी अशा नागमोडी आल्या की गाव बघायला आलं. पुढे शिकला. पेरणीच्या दिवसात गॅरेज बंद बघून गिऱ्हाईक चिडायचं, बेगमबी त्याहून.

आणि एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही, पण घरात सगळ्यांना माहीत होती. भूकंपाच्या त्या दिवसापासून नासिरने कुणाला हात धरून ओढलं नाही. लेक इकरा लहान असताना दोन्ही हात वर करून उभी राहायची, तर हा तिला काखेत धरून उचलायचा, तिचे हात धरायचा नाही. बेगमबीचे गुडघे गेले, तिला जमिनीवरून उठताना आधार लागायचा. ती हात पुढे करायची आणि नासिर मागे जाऊन पाठीला कवळ घालून तिला उभी करायचा. शेजारीण हसायची, हे काय नवरा-बायकोचं उठणं म्हणून.

नासिरने आरसा काढला, ब्रेकची केबल सोडली, ॲक्सिलेटरची मूठ सरकवून बाहेर घेतली. तिचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. इतकी वर्षं गाडी पळाली, झिजणारच. मग क्लचची केबल सोडली. जुनी केबल सुटली की सवयीच्या वळणावर जाऊन राहते. ही केबल पोटाकडे वळायला हवी होती, नासिरनेच ती तशी नेली होती. ती सरळ पुढे जाऊन उभी राहिली. नासिरने तिला बोटाने मागे आणलं. सोडल्यावर ती पुन्हा पुढे गेली.

त्याने डाव्या मुठीवर हात ठेवला. रबराचे दाते बोटांना टोचले.

उजवं रबर मुठीसकट सरकतं, ते या हँडलवरून त्या हँडलवर नेता येतं. डावं रबर नळीवर चिकटलेलं असतं, ते कुणी काढत बसत नाही. नळीबरोबर राहतं. हे नासिरने स्वतःच्या हाताने बसवलं होतं आणि ते जवळजवळ कोरं होतं. दात्यांच्या फटीत धूळ होती, घाम नव्हता. त्याने क्लॅम्प उघडून बघितला. आत दुसऱ्या नळीच्या खुणा होत्या, चांगल्या खोल.

इतक्या वर्षांत त्याने ब्रेक बघितले, चेन बघितली, इंजिन दोनदा उतरवलं. त्या हँडलकडे मात्र तो नीट बघत नसे. बघवत नसे.

क्लासची सुट्टी झाली होती आणि गल्लीतून पोरं चालली होती. चहा आला. नासिरने दोन्ही पेले बाकावर ठेवले आणि सटवाजीकडे न बघता विचारलं, "दुसरं हँडल कुठाय?"

सटवाजीने पेला उजव्या हातात उचलला होता, तो परत ठेवला. कुठलं हँडल, असं त्याने विचारून बघितलं. नासिरने सुटं हँडल उचललं. त्याने डाव्या मुठीचं रबर तेवढं सटवाजीपुढे धरलं. सटवाजीने ते बघितलं. शेतकरी असला तरी वापरलेली आणि न वापरलेली वस्तू कुणालाही ओळखता येते.

"घरी हाय," तो म्हणाला. "गोठ्यात."

"कवापासून?"

"दुसऱ्या पावसाळ्यापासून. हळूहळू उघडत गेला हात." त्याचा डावा हात अजून बरगडीलाच होता. "पहिल्यांदा खरंच व्हतं, नासिरभाई. आईची आन. रात-रात ठणकायचा. मंग बरा झाला तवा सांगणारच व्हतो. तर तुमी पेरणीला आले. चिखलात तिफण धरून राहिले. म्हनलं, पेरणी होऊ दे, मंग सांगू."

"मंग?"

"मंग फुडच्या साली बी आले."

नासिरला ती पुढची साल आठवली. ताप अंगात असताना तो गेला होता. पंचफुलाबाईने काढा करून दिला होता आणि हा बांधावर बसून, डावा हात पोटाशी धरून, जरा डावीकडं घ्या नासिरभाई, असं सांगत होता. ओळी नीट आल्या म्हणून त्याने नासिरची पाठ थोपटली होती. उजव्या हाताने.

"म्हंजी लातूरला यायचं झालं की वाकडं चढवायचं, आन् घरी गेलं की सरळ."

"येष्टीनंच येतो जास्त करून. आज म्हनलं, जाग्याचं बोलायचं हाय, गाडीवर जावं." सटवाजी बोलता बोलता थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं असावं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुमी कधी इचारलंच न्हाई ना, नासिरभाई. हात कसा हाय म्हून. एकदा बी न्हाई."

हे खरं होतं आणि म्हणून जास्त लागलं. नासिरने कधीच विचारलं नव्हतं. उत्तराची भीती वाटायची. त्याच्या त्या भीतीवर हा माणूस इतकी वर्षं पेरणी करून घेत होता, आणि आता गॅरेजही घेणार होता. विश्वासाने मान दिली तर याने केसाने गळा कापला. नासिरला वाटलं, हातातला पाना फेकावा. त्याला वाटलं, ओरडून गल्ली गोळा करावी. पण ओरडून सांगायचं काय? याचा हात चांगला आहे, हे? ज्या गोष्टीसाठी त्याने दर नमाजेत हात पसरले होते, ती कधीच मिळून गेली होती आणि त्याला कुणी कळवलं नव्हतं.

त्याने मागच्या भिंतीवरून एक सरळ हँडल काढलं. जुनंच, पण नळी चांगली होती. क्लॅम्पमध्ये टाकलं, केबली लावल्या, मुठी चढवल्या. क्लचची केबल तर आपली आपण जागेवर गेली. बोल्ट अर्धवट आवळून तो बाजूला झाला.

"बसा," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत सटवाजीला त्याने पहिल्यांदाच असं आदराने बसा म्हटलं होतं. सटवाजीचा चेहरा उतरला तो त्या एका शब्दाने. तो बसला.

"डोळे मिटा. हात सोडा."

सटवाजीने डोळे मिटले. डावा हात काही वेळ बरगडीलाच राहिला. मग कोपर सुटलं, हात पुढे आला, लांब झाला आणि उजव्याच्या शेजारी जाऊन थांबला. धडधाकट, उन्हाने रापलेला हात. नासिर बघत राहिला. याच हाताने त्याचा हात धरला होता. त्याने हँडल दोन बोटं वर घेतलं, जरा मागे आणलं, मनगट मोडत नाही ना ते बघितलं आणि बोल्ट नीट पक्के आवळले. काम त्याने जसं कुणाचंही केलं असतं तसंच केलं.

"कंबर न्हाई दुखणार आता," तो म्हणाला. "आन् जाग्याचं जमणार न्हाई. पेरणीला बी वाट बघू नका."

सटवाजीने किक मारली आणि दोन्ही हातांनी गाडी वळवून गल्लीतून निघून गेला. पोरांच्या गर्दीतून कट मारत, चांगल्या सफाईने.

नासिरने वाकडं हँडल भंगारात टाकलं. सटवाजीच्या पेल्यातला चहा तसाच होता, साय धरलेली.

घरी बेगमबी जमिनीवर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती. त्याचं तोंड बघून तिने ओळखलं की काहीतरी झालंय. त्याने सगळं सांगितलं. ती संतापेल, शिव्या घालेल, मैं बोली थी ना म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. पण शेंगांची परात बाजूला सारून तिने हात पुढे केला.

"उठाओ मेरेकू," ती म्हणाली. "हात पकडके."

नासिरने तिचा हात धरला. हात उबदार होता, बोटांना शेंगांचा वास होता. आता ओढायला काहीच हरकत नव्हती. कुणाचाच हात त्याच्यामुळे कायमचा गेला नव्हता. त्याने पाय रोवले, आणि तसाच उभा राहिला. बेगमबी वाट बघत होती. मग त्याने तिचा हात हळूच खाली तिच्या मांडीवर ठेवला, मागे गेला आणि पाठीला कवळ घालून तिला उभं केलं.