जिराफ कुठे बघतोय

माझे सासरे तेहेतीस वर्षं प्राणिसंग्रहालयात रखवालदार होते. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले असताना मी त्यांच्याच हाताखाली कामाला लागले. घरात आमचं बोलणं जेमतेम, आणि कामावरही तसंच. ते पुढे, मी खराटा घेऊन मागे.

आमच्याकडे मोठं गवताळ आवार होतं. एक जिराफ, सात झेब्रे, तीन शहामृग आणि दहाबारा हरणं, सगळी एकत्र. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "बाबा, ह्यांना वेगवेगळं का नाही ठेवत? कुणाचा कुणाशी संबंध नाही."

"ठेवून बघ. मधलं फाटक उघडलं की परत एका जागी येतात." त्यांनी वैरणीचा भारा खाली टाकला. "जिराफाला लांबचं दिसतं. झेब्र्याचे कान तिखट. शहामृगाची नजर पक्की, पण मान खाली गेली की संपलं. हरणं तर पान हललं तरी दचकतात. ज्याचं जे उणं, ते दुसऱ्याकडून भागवून घ्यायचं. प्रेमबीम काही नाही गं. सगळी भीती. ती वाटून घेतली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी येते, आणि मग चार घास सुखानं खाता येतात."

एवढं लांबलचक ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

ते झालं त्या दिवशी सकाळचे नऊ वाजले असतील. लोकांना आत सोडायला अजून तासभर होता. आम्ही आवाराच्या मधोमध असलेल्या चाऱ्याच्या खोलीत पोती सारत होतो. विटांच्या भिंती, वर पत्रा, एक जाळीची खिडकी आणि आत उघडणारं लाकडी दार. दाराची कडी कधीच तुटलेली होती. कंबरेची वॉकीटॉकी खरखरली आणि डॉक्टरांचा आवाज आला. हे जनावरांचे डॉक्टर एरवी प्रत्येक वाक्यात एक विनोद करायचे.

"सगळ्यांनी जिथे आहात तिथेच दारं लावून घ्या. बिबट्या पिंजऱ्यात नाहीये. कुणीही बाहेर पडू नका."

बाबांनी दार लोटलं आणि त्याला एक पोतं टेकवलं.

"फाटक गाठू या का?" मी विचारलं.

"दोनशे पावलं आहेत. नको."

मी खिडकीशी गेले. बाहेर चरणं थांबलं होतं. हरणं झेब्र्यांना येऊन चिकटली होती, त्यांच्यात शहामृग घुसले होते, आणि जिराफ सगळ्यांच्या मागे खांबासारखा उभा. सगळ्यांची तोंडं पाण्याच्या टाकीकडे. मी डोळे फाडफाडून पाहिलं. टाकीशी मला काहीच दिसेना.

"जिराफ कुठे बघतोय?" बाबांनी विचारलं.

"टाकीकडे."

"मग तो तिथे आहे."

थोड्या वेळानं जिराफाचं डोकं हळूहळू वळायला लागलं. त्याच्यामागून बाकीच्यांची वळली. टाकीवरून भिंतीकडे, भिंतीवरून झुडपांकडे. झुडपांमागून तो खोलीच्या पाठच्या बाजूला आला असणार, कारण तिकडे आम्हाला खिडकी नव्हती, आणि आता ती सगळी डोकी सरळ आमच्याकडे वळली होती.

"बाबा, ती आपल्याकडे बघतायत."

त्यांनी बोट ओठावर ठेवलं, मग तेच बोट वर केलं. जिराफाची नजर खिडकीच्या वर होती.

पत्रा कण्हला. एकदा, मग जरा पुढे पुन्हा एकदा. गंजाचा भुगा माझ्या हातावर पडला. तो झटकायचीही माझी छाती झाली नाही.

तेवढ्यात वॉकीटॉकी बोलली. मी झटकन आवाज कमी करून ती कानाशी धरली. "आम्ही गाडी घेऊन तुमच्याकडे येतोय. दाराशी उतरून तुम्हाला घेतो."

दाराशी उतरणार, म्हणजे बरोबर त्याच्या खाली. मी ती बाबांकडे दिली. त्यांचा हात इतका थरथरत होता की बटण दाबलं जाईना. तेहेतीस वर्षं ह्या हातांनी वाघांना खाऊ घातलं होतं. त्यांनी वॉकीटॉकी माझ्या हातात परत ठेवली आणि मान फिरवली.

"डॉक्टर," मी कुजबुजले, "उतरू नका. तो आमच्या पत्र्यावर आहे."

वरची पावलं थांबली. मग बाहेर धप्प आवाज झाला आणि दाराखालच्या फटीत सावली आली. आम्ही दोघांनी पाठ दाराला लावली. तो फटीतून हुंगत होता, कुत्रं हुंगतं तसा, पण सावकाश. मग त्यानं रेटलं. दार दोन बोटं आत आलं. बाबांच्या चपला भुशावरून घसरल्या, त्यांनी पोत्याला पाय रोवला आणि दार परत बसलं. बाहेर झेब्रे भुंकल्यासारखे ओरडत होते.

गाडीचा आवाज जवळ आला. फट्कन काहीतरी सुटलं, आणि माझ्या पाठीमागे अशी गुरगुर झाली की मला ती हाडांत जाणवली. त्यानंतर ओझं दारावर रेलून खाली घसरलं.

"इंजेक्शन लागलंय," डॉक्टर म्हणाले. "पण तो दाराला टेकूनच बसलाय. दार सोडू नका, नाहीतर आत पडेल. अजून झोपलेला नाही."

फळीपलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. आधी भरभर, मग घरघर लागल्यासारखा. मध्येच तो थांबायचा आणि माझाही थांबायचा. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. त्याचे वळ दुसऱ्या दिवशीही होते. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. शेवटी गाडीतल्या लोकांनी दोर बांधून बिबट्याला बाजूला ओढलं आणि डॉक्टरांनी दारावर टकटक केली. तरी आम्हाला पाठ काढवेना.

पिंजऱ्याच्या छतावर फांदी पडून जाळी फाटली होती. माणसाला की जनावराला, कुणाला ओरखडाही आला नाही. आवारातली जनावरं दुपारपर्यंत एकाच घोळक्यात उभी होती.

घरी जाताना बाबा म्हणाले, "माझे हात चालले नाहीत."

"दार तुम्हीच धरलंत."

त्यांनी थांबून चपलेतला भुसा झटकला. मग म्हणाले, "तू उद्या येऊ नकोस."

"तुम्ही येणार?"

"मला यावंच लागेल."

"मग मीही येते."

मी गेलेही. पण चारा बाहेरच उतरवून घ्यायची. त्या खोलीत मी पाऊल टाकलं ते पंचवीस दिवसांनी, बाबा उंबऱ्यावर उभे असताना.