तीन दिवस थंड होणारा जनरेटर

मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. सध्या सौदी अरबस्तानाच्या उत्तर टोकाला, एका भंगाराच्या आवारात, दोन मोडक्या क्रेनच्या मधे उभा आहे. माझा हिरवा रंग उडालाय, दोन मीटर फुटलेत आणि तिसऱ्या मीटरच्या काचेमागे एका कोळ्याने घर केलंय. काटा हलेल या आशेवर तो तिथे राहत असावा. मी त्याला काही सांगत नाही. मित्रांनो, या वयात कुणाची आशा मोडायचाही कंटाळा येतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी जहाजाने दम्मामला आलो. तेलाचे दिवस होते. अख्खा देश एकदम बांधायला काढला होता, त्यामुळे बंदराबाहेर जहाजांची ही रांग लागलेली! आमचं जहाज तीन महिने समुद्रातच उभं होतं. शेजारची सिमेंटची पोती वाट बघून बघून दगड झाली. मी आधीपासूनच लोखंडाचा होतो, म्हणून वाचलो. मग दोन दिवस ट्रकवर आदळत मी उत्तर सीमेजवळच्या एका गावात पोचलो. गावाबाहेर रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीचा कॅम्प होता. पत्र्याच्या खोल्या, दोनशे माणसं, त्यातली निम्मी रत्नागिरी-रायगडकडची. त्या सगळ्यांचे दिवे, पंखे, पंप आणि रेडिओ माझ्या जिवावर चालत.

मला सांभाळायला जमालुद्दीन होता. गावी हर्णै बंदरात तो मच्छिमारी लाँचचं इंजिन चालवायचा. रोज सकाळी माझ्या अंगावर तळहात ठेवून विचारायचा, "काय रे बाबा, बरा हायस ना?" सात वर्षांत दुसऱ्या कुणी मला असं विचारलं नाही. त्याच्या खोलीत दत्ताराम राहायचा. तो संगमेश्वरकडचा, वायरमन. माझ्यापासून निघालेली प्रत्येक तार त्याच्या हातची.

अरबस्तान म्हटलं की तुम्हाला ऊन आठवत असेल. मलाही तसंच सांगून आणलं होतं. पण उत्तरेकडचा हिवाळा हाडात शिरतो. एका वर्षी जानेवारीत पारा उणे नऊवर गेला. बादलीत बर्फ झाला तेव्हा कॅम्पातली माणसं पहिला तासभर तो एकमेकांना कौतुकाने दाखवत होती. दुसऱ्या तासाला बोटं वाकेनात. त्याच दिवशी गावच्या पॉवर हाऊसमधलं डिझेल थंडीने आंबिलीसारखं घट्ट झालं, तिथली चारही इंजिनं बंद पडली आणि सगळं गाव अंधारात गेलं.

मी मात्र चालू होतो. जमालुद्दीन नोव्हेंबरपासूनच माझ्या डिझेलमध्ये थोडं रॉकेल मिसळत असे. ही युक्ती तो तुर्की ट्रकवाल्यांकडून शिकला होता.

आता सरकारने काय केलं ते सांगतो. हसू नका. मीही तेव्हा हसलो नव्हतो.

पहिल्या दिवशी नगरपालिकेने जाहीर केलं की वीज गेलेली नाही, ती विश्रांती घेत आहे. दुसऱ्या दिवशी समिती नेमली. समितीला उजेड आणि ऊब दोन्ही हवी होती, म्हणून तिची बैठक भर दुपारी, गच्चीवर, उन्हात झाली. जमालुद्दीन आमच्या ऑफिसातल्या हरीशला दुभाषा म्हणून घेऊन तिथे गेला आणि रॉकेलची गोष्ट सांगून आला. सूचना चांगली आहे, पण ती मजुराकडून आलेली असल्यामुळे उपसमितीपुढे ठेवावी लागेल, असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी समितीने कारण शोधून काढलं. मजूर कॅम्पात फार हीटर लावतात, म्हणून गावच्या विजेवर ताण येतो!

"पण आमचा कॅम्प गावच्या विजेवर नाहीच," हरीश म्हणाला. "आमचा स्वतःचा जनरेटर आहे."

ही किरकोळ बाब नोंदवून घेण्यात आली आणि कॅम्पातले एकेचाळीस हीटर जप्त झाले. ते नगरपालिकेच्या कचेरीत मांडून ठेवले. तिथेही वीज नव्हती, तेव्हा साहेब आणि हीटर एकमेकांकडे बघत बसले.

बेचाळिसावा हीटर जमालुद्दीनने दत्तारामच्या खाटेखाली लपवला होता. कारण दत्ताराम आजारी होता. तारा सांभाळायला दोन दिवस तो खांबावर चढला होता आणि थंडी त्याच्या छातीत भरली होती. ताप उतरेना, बोलणं बंद झालं, श्वास घेताना छाती शिट्टीसारखी वाजायची. मोठं इस्पितळ तीनशे किलोमीटर लांब आणि रस्ता बर्फाने निसरडा झालेला. कॅम्पातल्या कंपाउंडरने गोळ्या दिल्या आणि जमालुद्दीनला बाजूला घेऊन म्हणाला, "औषध माझ्याकडे एवढंच. आता ऊब. ऊब तुटली तर मला हाक मारू नकोस, उपयोग नाही."

आणि चौथ्या दिवशी मला न्यायचा हुकूम आला. मी गेलो की खाटेखालचा हीटरही थंड पडणार होता.

राजधानीतून एक बडे साहेब परिस्थितीची पाहणी करायला येणार होते. गावात नवा चौक झाला होता, चौकात कारंजं होतं आणि कारंज्याला रंगीत दिवे होते. बड्या साहेबांना ते दिवे लागलेले दिसले पाहिजेत, असं मुदीरसाहेबांनी, म्हणजे नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी, ठरवलं होतं. हरीश कागद वाचू लागला, "जनरेटर एक, ऑपरेटर एक, हेल्पर एक."

"हेल्पर कोन?" जमालुद्दीनने विचारलं.

"कोणीही. नाव भरायचंय."

"दत्ताराम लिही."

"जमालभाई, डोकं ठिकाणावर आहे का? त्याला उठून बसता येत नाही!"

"मदत कराया उठाया कशाला लागतंय? आख्खी समिती बसूनच करतेय."

हरीशने नाव लिहिलं.

अशा रीतीने, मित्रांनो, मी, जमालुद्दीन आणि चार गोधड्यांत गुंडाळलेला हेल्पर एकाच ट्रकमधून चौकात पोचलो. जमालुद्दीनने माझ्या धुराड्याला लांब पाइप जोडून तो वाऱ्याच्या दिशेने बाहेर काढला. मग माझ्या रेडिएटरसमोर ताडपत्रीची खोली केली आणि तीत खाट टाकली. माझा पंखा गरम हवा फेकत होता, ती थेट दत्तारामच्या छातीवर जात होती. मी आयुष्यभर उजेड दिला, पण आपल्या उष्णतेचा कुणाला उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. ती आजवर वाळवंटात फुकट जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी बडे साहेब आले. कारंजं गोठून काठावरून बर्फाच्या दाढ्या लोंबत होत्या आणि त्यांच्या आत लाल-हिरवे दिवे लागले होते. साहेबांना वाटलं, ती कलाकुसर मुद्दाम केलेली आहे. त्यांनी मुदीरसाहेबांचं अभिनंदन केलं. मग त्यांनी ताडपत्री उचलली.

"हा कोण?"

"हेल्पर," हरीशने अरबीत सांगितलं.

"झोपलाय?"

हरीशने घाबरून जमालुद्दीनकडे पाहिलं. जमालुद्दीन शांतपणे म्हणाला, "सांग त्यांना, ह्यो इंजिनाचा आवाज ऐकतो. डोळं मिटल्याशिवाय बारीक आवाज कळत नाय."

बडे साहेब फार खूश झाले. असे कामगार असताना देशाला चिंता नाही, असं म्हणाले. ते खूश झालेले बघून मुदीरसाहेबांनाही जोर आला. त्यांनी तिथल्या तिथे घोषणा केली, की संकट संपलं असून या जनरेटरची आता गरज नाही. तो बंद करून सील करावा आणि गोदामात ठेवावा. पॉवर हाऊस बंद पडलेलं असताना हा एकटाच कसा चालला, याची चौकशी व्हायची आहे. "खलास! बंद करा. यल्ला, लवकर!"

गावात अजून वीज नव्हती. ताडपत्रीबाहेर उणे सात होतं. जमालुद्दीनचा हात मला बंद करायच्या दांड्यावर होता आणि डोळे खाटेवर.

"करतो साहेब," तो म्हणाला. "पन आधी दिवे काढून, हळूहळू चालवत थंड करावा लागंल. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं तर फुटतं. निम्मा चौक घेऊन जाईल."

हरीशने भाषांतर केलं. सगळे दोन पावलं मागे सरले.

"थंड व्हायला किती वेळ?"

मित्रांनो, मला थंड व्हायला पाच मिनिटं पुरतात.

"तीन दिवस," जमालुद्दीन म्हणाला.

मुदीरसाहेबांनी आपल्या इंजिनियरकडे पाहिलं. इंजिनियरला डिझेल इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण हे बड्या साहेबांसमोर सांगायची सोय नव्हती. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "तीन? मला चार वाटले होते."

मग मी तीन दिवस थंड होत राहिलो. नगरपालिकेने माझ्याभोवती दोरी बांधली. रोज थंड होण्यासाठी लागणारं डिझेल वेळेवर येई. एक कारकून दोनदा येऊन किती थंड झालो ते विचारून जाई. हरीश गंभीर चेहऱ्याने सांगे, "प्रगती समाधानकारक आहे." दरम्यान उपसमितीने 'हिवाळी मिश्रण योजना' मंजूर केली, म्हणजे डिझेलमध्ये रॉकेल घातलं, आणि गावात वीज आली.

पण रिकामं, मंद चालणं इंजिनाला फार वाईट. अर्धवट जळलेलं तेल आत साठतं, पिस्टनवर काजळी धरते, दम कोंडतो. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पाइपातून डांबरासारखं काळं ठिबकायला लागलं. जमालुद्दीनला ते कळत होतं. तो माझ्या अंगावर हात फिरवून म्हणाला, "माफ कर रे बाबा. तुझा जीव चाललाय, दिसतंय मला. पन त्याचा बी चाललाय. तुझी दुरुस्ती होईल."

दुरुस्ती झाली नाही. चौकशीत मी निर्दोष सुटलो, पण तोवर माझा दम गेला होता. कॅम्पात नवा, बिनआवाजाचा जनरेटर आला आणि माझी रवानगी इथे झाली. मी थकलोय, तक्रार करत नाही.

फक्त त्या तिसऱ्या दिवसाची दुपार सांगतो आणि थांबतो. दत्तारामला दरदरून घाम आला. ताप उतरला. जमालुद्दीनने त्याला टेकवून बसवलं, काळ्या चहाचे चार घोट पाजले. पाच दिवस त्याच्या तोंडून शब्द नव्हता. त्याने इकडे तिकडे पाहिलं, कपाळ दाबलं आणि वैतागून म्हणाला, "जमालभाय, हा ठोकळा बंद कर ना एकदाचा! डोकं उठलंय माझं!"

जमालुद्दीन उठला. हसत होता की रडत होता, मला कळलं नाही. त्याने दांडा ओढला.

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल-पाणी द्या. अंधार पडला तर दिवा कुठे लावायचा हे ठरवण्याआधी अंथरुणावर कोण आहे ते बघून या. आणि तुमच्यामुळे उठून बसलेला माणूस पहिल्यांदा तुमच्यावरच खेकसला, तर मनाला लावून घेऊ नका. त्याला तेवढं बळ यावं म्हणूनच आपण चालत असतो.