कच्चं काढायचं

कुपवाडचा खडूचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. भट्टी. भट्टीवर लोखंडी कढई. कढईत जिप्सम, म्हणजे पांढऱ्या दगडाची पूड. ती भाजायची, निववायची, पाण्यात कालवून साच्यात ओतायची. घट्ट झाली की खडू.

परवा घट्ट झाली नाही.

कालही नाही. साचे भरणाऱ्या रंगूबाईनं साचा उघडला तर आत चिखल. ती भट्टीवाल्याला म्हणाली, "कोंडीबादादा, ह्यानं फळ्यावर लिवायचं, का चूल सारवायची?"

मालक नानासो हसला नाही. "उद्याबी कढई वाया गेली तर परवापासनं येऊ नगंस."

येऊ नको, म्हणजे परत कवठे महांकाळ. परत दुष्काळी कामावर खडी फोडणं. तिथं भरलेला खांदा अजून दुखतोय.

चुकलं कुठं? कोंडीबाची उमर चुनाभट्टीवर गेली. तिथं एकच भीती, दगड कच्चा राहायची. म्हणून इथंही तो लाकडं सारत राहिला. जीव तोडून. वाफ संपली तरी. पूड तापतच राहिली.

आज नानासो स्वतः भट्टीपाशी बसला.

"लेका, ह्यो चुना न्हवं. ह्या दगडाच्या अंगात पाणी असतंय."

"एवढ्या कोरड्या पुडीत?"

"व्हय. लईसं काढायचं, थोडं ठिवायचं. म्हंजे वरनं पाणी घातलं की ती पिती आन् परत दगड हुती. तू समदंच जाळतोस. मग मरती ती. कितीबी पाणी घाल, पीत न्हाई."

कढईत कोरडी पूड दुधासारखी उकळायला लागली. बुडबुडे. वाफ. कोंडीबाच्या कपाळावर पांढरा घाम. मग उकळी बसली.

"वड आग!" नानासो ओरडला.

कच्चं आहे. हात सांगतायत, कच्चं आहे. अजून दोन लाकडं...

"कोंडीबा!"

त्यानं आग ओढली. पेटती लाकडं मातीत विझवली. सगळं अर्धं टाकून उठल्यासारखं वाटलं.

पूड निवली. रंगूबाईनं पाण्यात कालवून साचा भरला. कोंडीबा भिंतीला टेकला, डोळे मिटले. बघायचंच नव्हतं.

"आवं, साचा गरम झाला की," रंगूबाई म्हणाली. "चूल न्हाई, काय न्हाई."

"पाणी पितीया," नानासो म्हणाला.

थोड्या वेळानं रंगूबाईनं साचा उघडला. खडू. कडक. तिनं शेडच्या पत्र्यावर एक रेघ ओढली, तिरकी.

कोंडीबाला आनंद व्हायला हवा होता. पण तो फक्त दमला होता. जरा बसावं म्हणून तो खाली वाकला.

"बसतोस काय गड्या? दोन दिसांचा माल राह्यलाय. भर कढई."

"भरतो, मालक."