नाव कापलेल्या गोळ्या

मित्रांनो, माझा जन्म बिस्किटं भरण्यासाठी झाला. तेव्हा माझ्या झाकणावर बदकं होती. ती कधीच झिजून गेली. मी आता जुना, पोचे पडलेला पत्र्याचा डबा आहे, आणि माझं सारं आयुष्य एका इस्त्रीवाल्याच्या घरात औषधं सांभाळण्यात गेलं.

घराचा कारभार काकीच्या हातात. नवरा गेल्यावर तिनं दुकान एकटीनं ओढलं. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मागच्या खोलीत फळीवर मी. शिंक आली म्हणून दवाखाना गाठणाऱ्यांची तिला भारी चीड. ती म्हणे, "अर्धा दिवस बाकावर बसायचं, कमाई बुडवायची, आणि डॉक्टर सांगणार काय? ताप आहे म्हणून. तो तर मलाही दिसतोय."

ते खोटं नव्हतं. माझ्या पोटात तापाची गोळी, भाजल्यावर लावायचं मलम, जुलाबासाठी मीठ-साखरेची पुडी असे. सारी गल्ली माझ्याकडे धाव घेई. कुणाचा खाडा होत नसे, कुणाची चूल थंड पडत नसे. चौकातले डॉक्टर शर्ट न्यायला आले की म्हणत, "काकी, तुमच्या गल्लीतून फुटकळ दुखणी येत नाहीत. गर्दी कमी होते, खरा आजारी माणूस मला नीट तपासता येतो."

"मग इस्त्रीचा दर वाढवून द्या," काकी म्हणे.

अशा दिवशी माझं झाकणसुद्धा ऐटीत बसे.

पण काकीची एक रीत होती. कुणी मागायला आलं की ती कात्री घेई आणि पाकिटातून एकच गोळी चौकोनी कापून देई. अख्खं पाकीट द्यायला ती काही धर्मादाय दवाखाना नव्हती. नाव आणि तारीख छापलेली कड केरात जाई. काकीला अक्षरं जुळवून वाचता येत, पण ती छपाई मुंगीएवढी. म्हणून तिनं रंगावरून नावं पाडली होती. पिवळी तापाची, गुलाबी गुडघ्याची, पांढरी डोक्याची.

सून दिवसभर इस्त्रीच्या टेबलाशी उभी असे. गुडघे धरत, उष्णतेनं डोकं ठणके. पाणी प्यायलं तर काम सोडून लघवीला जावं लागेल, म्हणून ती घोट-दोन घोटांवर भागवी. सकाळी गुलाबी आणि दुपारी पांढरी, असं रोजचंच सुरू झालं. वर्षं गेली.

"आई, गुलाबीनं डोकंही थांबतं बघा," ती एकदा म्हणाली.

"मग दुपारची ती पांढरी वाचव की. पण तुला दोन्ही हातांनी खायची सवय."

दोघी हसल्या. मीही हसलो असतो. मी पत्रा, मला तरी कुठं वाचता येतं?

मग सुनेचा चेहरा सकाळी सुजू लागला. चपला पायात शिरेनात. "उभं राहून पाय सुजतात," असं म्हणून काकीनं तो विषय मिटवला. सुनेच्या पोटात अन्न ठरेना, तेव्हा काकीचा मुलगा तिला आणि मला घेऊन चौकातल्या दवाखान्यात गेला. मागोमाग काकीही आली.

डॉक्टरांनी मला टेबलावर उपडं केलं. बिननावाचे चौकोन सगळीकडे पसरले. "यांच्या कडा कुठं आहेत, काकी?"

"केरात."

शेवटी औषधाच्या दुकानातली अख्खी पाकिटं शेजारी ठेवून त्यांनी गोळ्या ओळखल्या. गुलाबी आणि पांढरी, दोन्ही एकच औषध निघालं. कंपन्या तेवढ्या वेगळ्या. रोज दुप्पट वेदनाशामक, वर पाणी नाही. रक्त तपासल्यावर कळलं, त्यानं सुनेची मूत्रपिंडं गेली होती.

"रोजचं दुखणं डब्यावर काढायचं नसतं. माझ्याकडे का आला नाहीत?"

"तुम्हीच तर खूश होतात, गर्दी होत नाही म्हणून," काकी म्हणाली.

डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. काकीनं मलम आणि पुड्या तेवढ्या परत माझ्यात भरल्या.

आता सुनेचं रक्त मशीनवर धुतात. घरी येते ती भिंतीकडे तोंड करून पडते. टेबलाशी काकी उभी राहते. गुडघा धरला तरी कसलीच गोळी घेत नाही. गल्लीतलं कुणी भाजलेलं बोट घेऊन आलं, तरी मलम माझ्या पोटात असताना सांगते, "माझ्याकडे काही नाही." हेही चूकच आहे, पण डब्याचं ऐकतं कोण?

काल मुलगा सुनेला घेऊन चौकातल्या डॉक्टरांकडून उशिरा परतला. म्हणाला, "बाकावर जागा नव्हती. आपलीच सगळी गल्ली. कुणाला सर्दी, कुणाला खरचटलेलं. हिला उभं राहावं लागलं."

काकीनं इस्त्री उभी केली आणि पदरानं तोंड पुसलं.

मित्रांनो, डबा घरात जरूर ठेवा. दोन दिवसांचा ताप, जरासं भाजणं, बिघडलेलं पोट त्याला झेपतं. रोज उठून दुखतं, ते त्याच्या आवाक्याबाहेरचं. गोळीचं नाव कापू नका. तुमचे डोळे चांगले आहेत. खाणाऱ्याला ते नाव मोठ्यानं वाचून दाखवा. हे सगळं सांगून सुनेचं काही परत येणार नाही. आमच्या घरात उशीर झाला आहे. तुमच्या घरचं मला माहीत नाही.