मंगळवारचे साहेब

आबासाहेबानं आमच्या वस्तीचा रस्ता नांगरून त्यात तूर पेरली, तेव्हा माझ्या सुनेला, शुभांगीला, पाचवा महिना होता. पहिल्या बाळंतपणात तिचं ब्लडप्रेशर असं चढलं होतं की गाडी दारापर्यंत आली म्हणून ती आज आहे. आता डांबरी सडकेला जायचं तर ओढा ओलांडायचा, तोही दगडांवर पाय देत. पोटुशी बाई तिथून न्यायची कशी, असं मी आबासाहेबाला विचारलं. तो म्हणाला, "भागिरथीबाई, तुमच्या सुनेचं पोट माझ्या सातबाऱ्यावर न्हाई."

मुलगा सम्राट नगरच्या एमआयडीसीत पाळीवर. म्हणून केस मीच लावली. चौथीपर्यंतच शिकले, पण सही ठसठशीत करते. अंगठा माझ्या सासूनं लावला, मी नाही.

तालुक्याच्या कचेरीत पहिल्याच दिवशी सहादेव कारकुनानं अडवलं.

"मावशी, आज मंगळवार. आज साहेब कोर्ट हायेत."

"काल कोण हुते?"

"काल तहसीलदार."

"आन् परवा?"

"परवा परत तहसीलदार. रस्त्याच्या केसा मंगळवारी ऐकत्यात, तेवढ्यापुरतं ते कोर्ट."

मी तरी आत गेले. साहेबांनी हात वर केला. "बाई, समोरचा पक्षकार नसताना मला तुमचं ऐकता येत नाही. आत्ता मी न्यायाधीश आहे."

गुरुवारी गेले. तीच खुर्ची, तोच करकरणारा पंखा, तेच साहेब. म्हणाले, "तुमची केस माझ्याच कोर्टात चालू आहे. तिच्याबद्दल अधिकारी म्हणून बोलणं बरोबर दिसणार नाही."

"मग तुमी तुमालाच सांगा की."

सहादेव फायलीआड हसला. साहेब हसले नाहीत.

तीन तारखा गेल्या. एकीला आबासाहेबाचा वकील आजारी, एकीला मंत्र्यांचा दौरा, एकीला साहेबच मीटिंगला. शुभांगीच्या पायांवर सूज दिसायला लागली. मग मी ठरवलं, आमदाराचं पत्र आणायचं. आमच्याकडं शाळेत नाव घालायला, दवाखान्यात खाट मिळवायला, विजेची डीपी बदलायला, सगळ्याला आमदाराचं पत्र लागतं. न्यायालाही लागत असणार, असं मी धरून चालले.

शुभांगी राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. माझ्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली घटनेचं पुस्तक आहे; मी ते पुसते, ती ते वाचते. ती म्हणाली, "आत्याबाई, आमदार कायदे करतो. कारभार अधिकारी करतात. निवाडा कोर्टानं द्यायचा. एकानं दुसऱ्याच्यात हात घालायचा न्हाई."

"तुझा तहसीलदार एकाच खुर्चीत बसून कारभारही करतो आन् निवाडाही देतो. ते चालतं, आन् माझ्या एका चिठ्ठीनं बिघडतं व्हय?"

तिनं पुस्तक मिटलं. तिनं पुस्तक मिटलं की मी जिंकले असं मी समजत असे.

आमदाराच्या ऑफिसात पाच मिनिटांत पत्र मिळालं. 'सदर महिलेचा रस्ता तात्काळ खुला करून द्यावा.' खाली गोल शिक्का. मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेलं आणि मंगळवारी, सगळ्यांसमोर, साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

आबासाहेबाच्या वकिलाचा चेहरा लग्नातल्या करवलीसारखा फुलला. "साहेब, हा न्यायालयावर राजकीय दबाव आहे. आमचा या कोर्टावर विश्वास उरला नाही. केस दुसऱ्या तालुक्यात द्या, असा अर्ज आम्ही प्रांतांकडे करतो."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, हेच पत्र गुरुवारी आणलं असतंत तर मी फायलीला लावून विसरलो असतो. आज तुम्ही ते न्यायालयाला दिलंत."

केस दुसऱ्या तालुक्यात गेली की दोन-तीन महिने गेलेच. शुभांगीला सातवा सरत आला होता. घरी येऊन मी घडलं ते सांगितलं. तिनं 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला. वही काढून म्हणाली, "सांगा, मी लिहिते."

पुढच्या मंगळवारी मी उभी राहिले आणि आबासाहेबाच्या तोंडावर मोठ्यानं वाचलं, "पत्र मी माझ्या मनानं आणलं. कुणी मागितलं नव्हतं. चुकलं माझं. निवाडा कागद आणि जागा बघूनच द्यावा." 'चुकलं' हा शब्द मी नवऱ्यापुढंसुद्धा कधी काढला नव्हता. आबासाहेब मिशीत हसला. पण वकिलाला बोलायला जागा उरली नाही. साहेबांनी जबाब लिहून घेतला आणि जागा बघायची तारीख दिली.

साहेब खरंच आले. बुटाला चिखल लागला तरी तुरीत शिरले. जुना नकाशा उघडला, त्यात आमचा रस्ता तुटक रेघांनी होता. पुढच्या मंगळवारी हुकूम झाला: रस्ता खुला करावा.

"मग चला," मी म्हणाले.

"आज मी फक्त हुकूम देतो. अंमलबजावणी तहसीलदार करतील."

"ते कोण?"

"मीच. गुरुवारी अर्ज द्या."

गुरुवारी अर्ज दिला. साहेबांनी स्वतःचाच हुकूम पहिल्यांदा बघितल्यासारखा वाचला आणि पोलिसांना बंदोबस्तासाठी लिहिलं. बंदोबस्ताची तारीख आली चोवीस. डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणाची दिलेली अठरा, आणि दहाच्या पुढं वस्तीवर राहू नका असं बजावलेलं.

"साहेब, चोवीसला मी रस्त्याला काय हळदीकुंकू वाहू?"

त्यांनी मान खाली घातली. "पोलीस माझ्या हाताखाली नाहीत, बाई." मला त्यांचा राग धड करताही येईना. माणूस वाईट नव्हता, तो फक्त कधीच पुरता एका जागी नव्हता.

म्हणून नऊ तारखेला सकाळी मी शुभांगीला नगरला, माझ्या बहिणीकडं, केशरबाईकडं न्यायला निघाले. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. कपड्यांची पिशवी माझ्या डोक्यावर, हुकूम माझ्या कमरेला, शुभांगीचा हात माझ्या हातात. तुरीच्या कडेला आबासाहेब उभा होता.

"भागिरथीबाई, हुकूम झाला म्हनं?"

"झालाय."

"मग त्याच्यावरनंच चाला की."

मी कमरेचा हुकूम आणखी आत खोचला. शुभांगीनं माझा हात दाबला, "आत्याबाई, खाली बघा, पुढचा दगड हलतोय." मी दगड पायानं चाचपला, तो हलत होता. मग त्याच्या शेजारी सरळ पाण्यात उतरले, पाय घट्ट रोवला आणि तिला म्हणाले, "ये."