पूर्वेच्या खिडक्या

रेजिनने घर बांधायला काढलं तेव्हा पाड्यातल्या सगळ्यांना वाटलं, पोराचं लग्न ठरलंय, सून यायचीय, म्हणून काढलं असेल. ते खोटं नव्हतं. पण सुनेसाठी घर बांधणारी बाई आधी चूल कुठे येणार ते विचारते. रेजिनने दामा मिस्त्रीला पहिलं विचारलं ते वाऱ्याचं.

"दुपारचा वारा कुठून कुठे जातो?"

मिस्त्री हसला. "उत्तनची बाय तू, नि मला विचारतेस? दर्यावरून येतो, पूर्वेला जातो."

"म्हंजे बस्त्यावच्या खळ्यात."

"तिकडंच."

"बरं," रेजिन म्हणाली. मिस्त्रीला तेव्हाच जरा कसंतरी झालं.

बस्त्याव तिचा जेठ, म्हणजे थोरला दीर. नवरा इंतोन तुफानात गेला, बोट तेवढी परत आली. त्याच्या नावाची महिन्याची मिस्सा, देवळातली प्रार्थना, आटोपली, लोक अजून अंगणात चहा पीत होते, तेवढ्यात बस्त्यावने वाटणी करून टाकली. वाटेवरचं ओटीचं घर त्याचं. बोट त्याची. रेजिनला काय? तर दर्याच्या अंगाला जाळी ठेवायची खोपी होती ती, आणि तिच्या भोवतीची जमीन. वर सगळ्यांदेखत म्हणाला, "एक बाय नि एक पोर. त्यांना घर लागतं तरी कितीसं?"

दोघं-चौघं हसले. कोणी 'असं नको' म्हटलं नाही. त्या कुडाच्या खोपीत भरतीचं पाणी भिंतीला थुंकायचं. तिथेच तिने पास्कूला वाढवला. पास्कू मोठा झाला, मुंबईहून बोटीवर लागला आणि पैसे धाडायला लागला. हे दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीचं. आता रेजिनच्या हातात दगड, चुना, मंगलोरी कौलं आणि मिस्त्री, सगळं होतं. आणि तिला एकच गोष्ट हवी होती. ज्या तोंडाने ते बोलला, त्याच तोंडाने, त्याच लोकांसमोर बस्त्यावने म्हणायचं की मी इंतोनच्या बायकोचं खाल्लं.

मिस्त्रीने जमिनीवर काडीने घर काढून दाखवलं. बुटकं, दर्याकडे तोंड चिंचोळं, पश्चिमेला पागोळी खाली उतरलेली. "पावसाचा मार बसत न्हाय असा."

रेजिनने पायाने ते पुसलं. "लांब अंग दर्याला. नि उंच. वर माळा."

"अगं, पहिल्या वादळात कौलं उडतील."

"उडली तर परत बसवीन."

"मग जमिनीला लादी तरी..."

"शेणाची जमीन चालेल. चूल कोपऱ्यात लहानशी कर. जे वाचेल ते भिंतीला लाव, उंचीला."

मिस्त्रीने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याच्या ध्यानात आलं होतं. जागेच्या मागेच, पूर्वेला, बस्त्यावच्या खळ्यात बांबूंच्या रांगा होत्या. भाद्रपद सरला की त्या दोरीवर बोंबील चढायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून, दाट, झालरीसारखे. त्यांना ऊन लागतं, पण ऊन नुसतं चालत नाही. वारा लागतो.

"मग पूर्वेची भिंत आंधळीच ठेवू ना?" त्याने हळूच विचारलं. "खिडकी नको?"

"खिडक्या पायजेत. दोन, मोठ्या. नि मधे दार. पश्चिमेला जिथे ठेवशील, बरोबर त्यांच्यासमोर."

"आं? मग तर वारा आरपार जाईल."

"भिंतीला कोण विनवणी करतो, मिस्त्री? खिडकी असली की माणूस उघड म्हणायला येतो."

दामा मिस्त्रीने दारं-खिडक्या सागाच्या केल्या, आतून जाड अडणे बसवले. देवाचा आल्तार उत्तरेच्या भिंतीला, खारं वारं लागू नये म्हणून. दर्याच्या बाजूला पांढरा चुना. पूर्वेच्या भिंतीला मात्र रेजिनने चुन्यात नीळ ओतायला लावली, पार गडद होईपर्यंत. बस्त्यावच्या ओटीवर बसलं की डोळ्यात जाईल असा रंग. बस्त्यावची बायको नतालीन बघायला आली तेव्हा म्हणाली, "रंग भारी दिसतो गं."

"तुमच्यासाठीच काढला," रेजिन म्हणाली.

पावसात कौलं खरंच उडाली. रेजिनने परत बसवली. मग लग्न झालं, गोराईची आंजेल सून म्हणून आली. पंधरा दिवसांनी पास्कू बोटीवर गेला. आणि बोंबलाचे दिवस लागले.

पहिल्या खेपेचे बोंबील बस्त्यावने चढवले. त्याच दिवशी रेजिनने पूर्वेच्या दोन्ही खिडक्या आणि दार लावून अडणे घातले. दुपारी दर्यावरचा वारा आला, रेजिनच्या घराला आपटला आणि दोन्ही बाजूंनी निघून गेला. मधल्या खळ्यात पानसुद्धा हललं नाही. बोंबील वाळायच्या ऐवजी घामेजले, पिवळे पडले, मग मऊ पडले. दुसऱ्या खेपेत आळ्या झाल्या. भाईंदरच्या व्यापाऱ्याने नाकाला रुमाल लावला आणि गाडी वळवली.

घरात आंजेलचं वेगळंच. पूर्वेचं सगळं बंद, त्यामुळे आलेला वारा आत शिरून तिथेच कोंडून बसायचा. "आये, खिडकी उघडू का? जीव घाबरतो."

"हात लावू नको."

आधी नतालीन आली. दारात उभी राहून म्हणाली, "जाऊबाय, दुपारपुरतं तरी उघड गं. पोरांच्या तोंडचं जातंय."

"तुला न्हाय. त्याला धाड."

तो यायला बरेच दिवस गेले. होळीच्या सुमाराला आला. उंबऱ्याशी थांबला, बंद खिडक्यांकडे बघितलं.

"रेजिन, वारा काय तुझ्या बापाचा हाय?"

"न्हाय. पण खिडकी माझी हाय."

"काय पायजे तुला? बोटीत हिस्सा देतो."

"हिस्सा नको. मे महिन्यात क्रुसापुढे लदीनची प्रार्थना म्हणायला सगळे जमतील. त्यांच्यासमोर बोल. बोल, इंतोनचं घर मी खाल्लं. त्याच दिवशी तिन्ही उघडते, नि परत कधी लावणार न्हाय."

बस्त्यावच्या मानेची शीर उडायला लागली. एकदा त्याचं तोंड उघडलं. रेजिन वाट बघत होती, श्वास धरून. तिला वाटलं, आलं. आत्ता आलं.

"एका बायसमोर?" तो म्हणाला. "त्यापरीस मी खळं मोडतो."

आणि खरंच मोडलं. दुसऱ्या दिवशी त्याने बांबू उपटले, गाडीत घातले आणि चौक गावाच्या बाजूला कुणाच्या तरी जागेत नेऊन रोवले. सगळा पाडा बघायला उभा. कोणी म्हणालं, रेजिन जिंकली. खळ्यात नुसते खड्डे राहिले होते आणि त्यात कोंबड्या अंग घोळत होत्या. तिला हवं होतं ते बोलणं तसंच त्याच्या तोंडात राहिलं, आणि आता ते बाहेर काढायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

"आता तरी उघडू, आये?" आंजेलने विचारलं. तिला दिवस गेले होते, तोंड उतरलं होतं. "आता बोंबील न्हायत. कोणाला अडवायचं?"

रेजिनने मान डोलावली. आंजेलने अडणे काढले. दोन खिडक्या, मग दार. वारा धावत आला, आल्तारावरचा कागदी फुलांचा हार उडवला आणि पूर्वेला निघून गेला. पोर भिंतीला टेकून बसली, डोळे मिटून. "केवढं बरं वाटतं."

रेजिनलाही वाटलं. एवढं चांगलं घर आपण बांधलंय, हे तिला पहिल्यांदाच कळलं. ती खिडकीत आली.

मोकळ्या खळ्यापलीकडे, आपल्या ओटीवर, बस्त्याव उघड्या अंगाने पाय पसरून पडला होता. वारा सरळ त्याच्या छातीवर जात होता. त्याने कूस बदलली, बगल मोकळी केली आणि मजेत घोरायला लागला.

रेजिनने एक खिडकी ओढली. मग दुसरी. मग दार. अडणे परत घातले.

"आये, गरम होतंय," आंजेल म्हणाली.

"होऊ दे," रेजिन म्हणाली. "त्याला बी होऊ दे."